सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने
प्रवासाची दैनंदिनी : लेखांक पहिला

मंगळवार, हिवरखेड

मेळघाटला जाणारे बहुतेक पर्यटक परतवाड्याहून चिखलदरा किंवा सेमाडोहची वाट धरतात. तथापि, या अरण्याचा वऱ्हाडाच्या मैदानाशी असलेला संबंध समजून घ्यावयाचा असेल, तर तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या पायथ्याच्या गावाहून निघणे अधिक उपयुक्त ठरते. गावाच्या उत्तरेस सातपुडा भिंतीसारखा एकदम उभा राहतो, याचे कारण पायथ्यालगत गेलेला गाविलगड भ्रंश, म्हणजे भूकवचातील अशी भेग, की जिच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूपेक्षा वर उचलला गेला आहे. या भिंतीच्या तळाशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व वाळूचा पट्टा साचला असून त्यास भूशास्त्रात बझाडा म्हणतात. त्यात पाणी झिरपते आणि टिकते, म्हणूनच या भागात केळी, संत्री, नागवेल आणि औषधी पानपिंपरी यांचे मळे पिकतात. याउलट दक्षिणेस पूर्णा नदीच्या बाजूला खारपाणपट्टा लागतो, जेथे भूजलात क्षार इतके असतात, की विहीर असूनही पिण्याच्या पाण्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते.

अकोला–खंडवा मीटरगेज लोहमार्ग हिवरखेडहून वान अभयारण्यात शिरत असे आणि धूळघाटाजवळ स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेऊन चढ चढत असे. 2017 साली तो बंद झाला. रुंदीकरणात तो जंगलातून न्यावा की बाहेरून, हा वाद दीर्घकाळ चालला आणि अखेर हिवरखेड–सोनाळा–जामोद असा बाहेरचा मार्ग पुढे आला. गावकऱ्यांना गाडी हवी आहे, आणि ती मागणी रास्तच आहे. परंतु वाघाच्या अधिवासाला वळसा घालण्याचा खर्च सोसणे हेही रास्तच होय.

बुधवार, वारी भैरवगड

मेळघाटातील बहुतेक नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन तापीस मिळतात, तर वान दक्षिणेस उतरून पूर्णेला मिळते. ती डोंगर सोडते तेथे वारीजवळ हनुमान सागर धरण आहे आणि त्याचे पाणी खारपाणपट्ट्यातील खेड्यांपर्यंत नळाने पोहोचते. वरचे जंगल विरळ झाले तर या जलाशयात गाळ किती वेगाने साचेल, हा हिशेब वाघांच्या गणनेइतकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

नदीच्या वाळूत सकाळी मागांची तपासणी झाली. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेत असल्याने त्याच्या ठशात केवळ चार बोटे आणि तळव्याची गादी उमटते; कोळसून म्हणजे रानकुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोके स्पष्ट दिसतात. वाटाड्याने बोटाने वाळू दाबून दाखविली : ठशाची कड अजून ढासळलेली नव्हती, म्हणजे प्राणी पहाटेच गेला असावा.

गुरुवार, शहानूर ते नरनाळा

शहानूरहून नरनाळ्याची चढण मार्च अखेरीस तापदायक असते, कारण सागाची पाने गळून गेल्याने सावली उरत नाही. मात्र याच कारणाने दृष्टी दूरवर पोहोचते. वाटेलगत मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा होता आणि त्याच्या कडेला अस्वलाची काळसर विष्ठा पडलेली होती, जिच्यात पचून न गेलेल्या मोहफुलांचे तंतू डोळ्यांना दिसत होते. किल्ल्याचा महाकाली दरवाजा 1487 साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधला. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक. दरवाजावरील कोरीव शिलालेख व कमलाकृती यांची कारागिरी पाहता, आज एवढ्या दुर्गम वाटणाऱ्या जागी त्या काळी केवढा राबता होता, हे लक्षात येते. गडावरील शक्कर तलावाच्या काठी सांबराच्या खुरांचे ठसे होते. सैन्यासाठी साठविलेले पाणी आता वन्यजीवांच्या उपयोगी पडते.

शुक्रवार, बोरीच्या वाटेने

1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. त्यातील गाभ्याच्या 361.28 चौरस किलोमीटर भागास 1987 साली गुगामल राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानात चराई किंवा शेती यांस अभयारण्यापेक्षाही कमी वाव असतो. 2001 नंतर बोरी, कोहा व कुंड या कोरकू आदिवासींच्या गावांचे पुनर्वसन झाले, पुढे इतर गावेही हलविली गेली. ओस गावठाणांच्या जागी कुरणे वाढली, तेथे गव्यांचे कळप चरतात, आणि वनखात्याच्या दृष्टीने हा स्पष्ट लाभ आहे. कोरकूंच्या बाजूने हिशेब असा सरळ नाही : 2019 च्या जानेवारीत पुनर्वसित कुटुंबे मोबदला व सोयींच्या तक्रारींसह जंगलात परतली, आणि संघर्ष झाला.

दुपारी निष्पर्ण सागावर रानपिंगळा बसलेला आढळला. घुबडवर्गातील असूनही हा पक्षी दिवसा वावरतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि त्याच्या डोक्यावर पिंगळ्यासारखे दाट ठिपके नसतात. 1873 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. 1884 नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. 1997 साली पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो तत्कालीन धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ पुन्हा आढळला. त्यानंतर मेळघाटातही तो सापडला. वाघासाठी राखलेल्या सागवनात एका विसरल्या गेलेल्या पक्ष्याची सोय आपसूक झाली होती.

ढाकणा व कोलकासचा वृत्तान्त पुढील लेखांकात येईल.