आधी आइक, मंग खोल

परवा चिखलीच्या बाजारात एका दुकानावरून जाताना सोल्डरिंगच्या राळेचा वास आला आणि पाय आपोआप थांबले. आत एक पोरगा मोबाइलवर वाकला होता. कोपऱ्यात चाकं-हँडलवाला काळा ट्रॉली स्पीकर पडला होता. याला काय झालं, असं सहज विचारलं. "बोर्ड गेला. नवीनच घ्या म्हटलं त्यांना," मान वर न करता तो म्हणाला. स्पीकरचा एकही स्क्रू हललेला दिसत नव्हता.

आमचे काका मेहकरकडच्या गावात मंडप-लाउडस्पीकरचं काम करायचे. शेती पोटापुरती, जीव मात्र ॲम्प्लिफायरच्या डब्यात. त्यांचा मंत्र एकच: "आधी आइक, मंग खोल." सलग खर्जातली गुणगुण म्हणजे सप्लायचा कंडेन्सर सुकला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर म्हणजे आत धूळ. गरम झाल्यावर आवाज जातो, थंड झाल्यावर येतो म्हणजे कुठंतरी सोल्डर सुटलंय. मग ते दोन्ही अंगठ्यांनी कागदी कोन अलगद सरळ आत दाबायचे. आत घासल्याचा आवाज आला, की कॉइल जळाली.

सप्ताहातलं ते काल्याचं कीर्तन काही डोक्यातून जात नाही. महाराज ऐन रंगात, आणि आवाज गुडुप. टाळकरी थांबले. साऱ्या मंडपाच्या माना काकांकडे वळल्या. काकांनी ॲम्प्लिफायरमधून माइकची पिन काढली, खिशातला वायरचा तुकडा तिथं खुपसला आणि त्याच्या उघड्या टोकाला बोट लावलं. कर्ण्यातून भुंऽऽ! भोवतीच्या विजेची गुणगुण अंगातून आत शिरते, ती ही. "इथून समोर सारं जित्तं हाय," ते म्हणाले आणि माइकची वायर हातात धरून उलटे चालू लागले. मंडपाच्या खांबाखाली ती चेंगरली होती. दातांनी सोलली, पीळ दिला, चिकटपट्टी मारली. महाराजांनी सुटलेला अभंग पुन्हा धरला.

चिखलीतल्या त्या ट्रॉली स्पीकरसारखं ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत कोंबण्याची कल्पना मात्र आजची नाही. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा इंजिनिअरांनी 1925 साली कॉइल हलवून कोन वाजवणारा स्पीकर मांडला, आणि पुढच्याच वर्षी तो ॲम्प्लिफायरसकट एका लाकडी पेटीत बाजारात आला. काकांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण एका पेटीचा संसार त्यांना पसंत नव्हता. स्पीकर दणाणला की शेजारचं सोल्डर हलतं, आणि आतली उष्णता आतच कोंडते. घाटाखालचे, म्हणजे खामगाव-मलकापूरकडचे डबे लवकर मरतात, असंही त्यांचं ठाम मत होतं. आम्ही हसायचो. तापमान 10 अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे पुढं वाचलं, तेव्हा घाटाखालचा मे महिना आठवला.

माझा राग मात्र सप्ताहातल्या आभारप्रदर्शनावर आहे. सरपंच, पोलीस पाटील, अन्नदाते, आचारी, वाढपी, सगळ्यांची नावं घेतली जातात, तीही माइकवरून. माइकवाल्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. आवाज गेला की मात्र तोच आधी आठवतो: "काहून गेला रे आवाज?"

काकांच्या तेराव्याला भजनासाठी साउंड बाहेरून मागवला होता. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणत होता. लोक रडत होते, मी कंडेन्सर ऐकत बसलो होतो. उठून त्या साउंडवाल्या पोराला सांगावं वाटलं, पण अशा वेळी कोण कुणाला सांगतं! घरी आल्यावर काकू हळूच म्हणाली, "त्याहिले हे चाललं नसतं." त्या दिवशी त्यांच्याबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

तुमच्या घरी बंद पडलेला स्पीकर असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा नीट ऐका. बऱ्याचदा वायर, फ्यूज नाहीतर स्वस्तातला एखादा कंडेन्सर एवढाच आजार निघतो. मात्र झाकण उघडण्याआधी प्लग काढा, थोडा वेळ जाऊ द्या आणि माहीतगार माणूस जवळ असू द्या. आजच्या हलक्या सप्लायमधल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही 300 व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो.