पोकळ आणि भरीव

माझे वडील कसाऱ्याला रेल्वेत होते, बँकर इंजिनांवर. कसारा ते इगतपुरी घाटात दर ३७ फुटांना १ फूट चढ आहे. १८६५ साली हा मार्ग सुरू झाला, आणि आजही बहुतेक गाड्यांना कसाऱ्यात मागून इंजिनं लावावी लागतात. इगतपुरी आली की ती सुटतात आणि परत खाली येतात. डब्यात झोपलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

वडील निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. फंडाच्या पैशांतून त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी तीन खोल्यांचं घर बांधलं. पुढे ओटा, मागे पडवी आणि मोरी, वर मंगलोरी कौलं. बांधलं ते मिस्त्रीबाबांनी. विहीगावच्या बाजूच्या एका पाड्यावरून ते पायी यायचे, डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन. वडील गेले, घर माझ्या नावावर झालं, नमुना आठच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं. मिस्त्रीबाबांचं येणं मात्र थांबलं नाही. दर वैशाखात, मृगाच्या आधी, एक सकाळ ते आमच्या घराला द्यायचे.

पहिल्या वर्षी मी त्यांच्या हातात पैसे ठेवले, तर त्यांनी परत केले. "बघायचे पैसे नसतात, पोरी. हात लावला तर घेईन."

ते आधी घरात येत नसत. जोत्याभोवती फेरी मारायचे, पागोळ्यांचं पाणी कुठं पडतं, कुठं मुरतं ते बघायचे. पाणी जोत्यापाशी थांबलं तर भिंत खालून ओल पिते, हे मला त्यांच्याकडून कळलं. मग शिडी. वळचणीखालच्या प्रत्येक वाशात टोच्या खुपसायचा. टोक अडलं तर लाकूड चांगलं, लोण्यासारखं आत गेलं तर वासा बदलायचा. वाळवीची मातीची नळी दिसली की ती नखानं मध्येच फोडून ठेवायचे आणि मला सांगायचे, "उद्या बघ. बुजवली असंल तर जितीजागती आहे."

शेवटी हातोडी. लहान, दांडा काळा पडलेली. गिलाव्यावर हलकेच टकटक करत ते खोलीभर फिरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. भरीव जागी आवाज आखूड येतो. पोकळ जागी तो किंचित लांबतो, मडक्यासारखा. माझ्या कानाला तो फरक कळायला तीन वैशाख लागले.

मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर गेली होती. मी घाबरून सिमेंटनं बुजवायला निघाले होते. त्यांनी माझा हात धरला. "बुजवलीस तर आंधळी होशील." भेग जिथं संपत होती तिथं त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली आणि मला तारीख लिहायला लावली. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर लावून बसवली. घर अजून बसत असेल तर काच तडकेल. दर वर्षी आम्ही पहिल्यांदा ती काच बघायचो, मग नवी तारीख. काच शाबूत राहिली, भेग रेघेपुढे गेली नाही.

२०२१ च्या वैशाखात लॉकडाऊन होता. ते तोंडाला पंचा बांधून आले. सगळं बघून झाल्यावर पडवीमागे जाऊन ते बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले. उतारावरचा एक साग बुंध्यापाशी खाली झुकून मग वर वळला होता. "जमीन सरकते तवा झाड असं वाकतं," ते म्हणाले. मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, "भिंतीचं मला कळतं. डोंगराचं मी सांगणार नाही. स्कूटीचा विमा काढतेस ना दरसाल? मग घराचा काढ."

आमच्या ओळखीत घराचा विमा कुणी काढलेला नव्हता. कर्ज असलेल्यांना बँक काढायला लावते तेवढाच. मी फोनवर एका एजंटला विचारलं, तर तो म्हणाला, घराचा बाजारभाव सांगा, तेवढ्याचा काढू. माझं मन मानेना. पॉलिसीची कलमं मागवून घेतली आणि लोकलच्या प्रवासात ओळन् ओळ वाचली. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानं 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली होती. त्यात विम्याची रक्कम बाजारभावावर ठरत नाही. घराचं आतलं क्षेत्रफळ आणि तेवढं बांधकाम आज पुन्हा करायला येणारा दर, यांचा तो गुणाकार. जमिनीची किंमत त्यात धरायची नसते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं संरक्षण वेगळी यादी न देता मिळतं. दागिन्यांचं मात्र वेगळं घ्यावं लागतं.

पण दर कोण सांगणार? मी मिस्त्रीबाबांना बोलावलं. त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावला, बोटं मोजली, आणि वीट, सिमेंट, रेती, लाकूड, मजुरी असा हिशेब तोंडी केला. "माल रस्त्यावरून वर चढवायची हमाली धर. ती सगळे विसरतात." फॉर्मात मी भरला तो आकडा त्यांचा आहे.

त्या कागदातला एक परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांच्यासोबत दरड आणि जमीन खचणं यांना भरपाई आहे. पण नेहमीच्या भेगा, नव्या बांधकामाचं बसणं, भरावाची जमीन दबणं, कामातले दोष यांना नाही. मला तो अन्याय वाटला होता. मिस्त्रीबाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. ते माझं काम आहे."

मग त्यांनी विचारलं, "माझ्या घराचा निघंल का?" त्यांचं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. फॉर्मात कच्च्या बांधकामाची व्याख्या दिलेली होती: लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री, असल्या भिंतींचं किंवा छपराचं घर. फोनवरच्या माणसानं कच्च्याचं वेगळं बघावं लागेल म्हणून विषय संपवला. मी हे सांगितलं तेव्हा ते नुसते "बरं" म्हणाले आणि हातोडी पिशवीत ठेवली. गावातली निम्मी घरं ज्या हातांनी उभी केली त्यांच्या घराला त्या कागदात जागा नव्हती. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेचना. उंबरमाळीला रुळांवर पाणी होतं, घाटात दरडी उतरल्या, गाड्या बंद पडल्या. आमच्यामागचा उतारही त्या रात्री सुटला. तो सागही त्याच्याबरोबर आला. पडवी आणि मोरी चिखलाखाली गेली, मागची भिंत आत झुकली. आई आणि मी ओट्याकडच्या खोलीत होतो, म्हणून वाचलो.

सकाळी मिस्त्रीबाबा आले. पुलावरून पाणी होतं, तरी आले. शेजारी फावडी घेऊन उभे होते, त्यांना त्यांनी थांबवलं. "आधी फोटो. तलाठ्याचा पंचनामा होऊ दे. मग हात लावा." विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्यानं मागच्या भिंतीवर बोट ठेवून विचारलं, ही भेग जुनी का? मी काही बोलायच्या आत मिस्त्रीबाबा म्हणाले, "ही जुनी. तारखा बघा." ओल्या गिलाव्यावर पेन्सिलीच्या तारखा तशाच होत्या, त्याच रेघेवर, वर्षामागून वर्ष. "आणि ही नवी," असं म्हणत त्यांनी भिंतीच्या मध्यावरची उघडी फाट दाखवली. सर्व्हेअरनं तारखांचाही फोटो काढला. जुन्याचे पैसे मिळाले नाहीत, मिळायलाही नकोत. दरडीनं मोडलं त्याचे मिळाले, आणि त्यांतून भिंत, पडवी, मोरी पुन्हा उभी राहिली. त्या कामाची मजुरी मिस्त्रीबाबांनी घेतली, मोजून.

आता ते शिडी चढत नाहीत. दृष्टी अधू झाली आहे. मी स्कूटीवरून जाऊन त्यांना घेऊन येते. आधी त्यांच्याच घराच्या कुडाभोवती फेरी मारते, कारवी कुठं कुजली ते बघते, कौलं सारखी करते. त्याचे पैसे ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. मग आमच्याकडे. आई त्यांना ओट्यावर खुर्ची देते, चहा देते. मी आत हातोडी घेऊन भिंतीभिंतीनं फिरते. परवा मागच्या खोलीत, नव्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात होते, मला काही वेगळं जाणवलं नव्हतं. पुढे गेले तर ओट्यावरून आवाज आला,

"थांब. मागं ये. तिथं परत वाजव."