सहीच्या आधीचा खर्च

वाशी, नवी मुंबई

ती. सौ. वहिनींस,


तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात गाळा घेऊन मैत्रिणीच्या भागीदारीत मसाल्यांचा व्यवसाय सुरू करण्याचे आपले ठरले असून, वकिलावर आतापासूनच पैसे खर्च करावेत की काही अडचण उभी राहीपर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा धंद्याच्या आकारावरून दिले जाते. धंदा वाढला की वकील पाहू, असे एक पक्ष म्हणतो, तर पहिल्या दिवसापासून वकील हवाच, असे दुसरा पक्ष सांगतो, आणि या दुसऱ्या पक्षात वकिलांचीच संख्या अधिक असते हे ओघाने आलेच. चुकीचे पडलेले पाऊल मागे घेता येते की नाही, हा विचार मात्र दोन्ही पक्षांकडून सुटतो. जी चूक दुसरा अर्ज भरून किंवा थोडे विलंब शुल्क देऊन दुरुस्त होते तिच्यासाठी सल्ला विकत घेण्याचे कारण नाही. जी चूक एकदा सही झाल्यावर किंवा मुदत उलटल्यावर कायमची अंगावर राहते, तिच्या आधी मात्र, विक्रीचा एक रुपयाही हाती आलेला नसला तरी, हा खर्च करावा.

या कसोटीवर नव्या व्यावसायिकाला धास्ती घालणारे बरेचसे कागद वकिलाच्या टेबलावर जाण्याची गरज उरत नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद, जिला बाजारात आजही गुमास्ता म्हणतात, अन्नसुरक्षेचा परवाना आणि वस्तू व सेवा कर नोंदणी ही कामे स्वतः किंवा सीएकडून होतात. सूक्ष्म व लघु उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी तर १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर, स्वयंघोषणेने आणि विनाशुल्क होते, तरीही ती करून देण्यासाठी पैसे घेणारे मध्यस्थ भेटतातच. ही फुकटची नोंदणी पहिला माल पाठवण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा उत्पादकाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते, आणि ते न करणाऱ्या खरेदीदारावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. उधारीवर माल उचलणाऱ्या हॉटेलांशी व्यवहार करणाऱ्याला यापेक्षा स्वस्त संरक्षण मिळणार नाही.

गाळ्याचे प्रकरण वेगळे आहे, आणि ते नवी मुंबईत विशेषच वेगळे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. त्यामुळे गाळेमालक म्हणून समोर बसलेली व्यक्ती जमिनीची मालक नसून पट्टेदार असते, आणि तिला ती जागा पोटभाड्याने देण्यासाठी महामंडळाची परवानगी घेऊन त्याचे शुल्क भरावे लागते. सिडकोने वसवलेल्या उपनगरांतही जमीन बहुधा पट्ट्याचीच असते आणि तिचा वापर पट्ट्यात ठरवून दिलेला असतो. गावठाणालगतच्या इमारतींत भाडे कमी पडते, पण तेथे बांधकामालाच परवानगी आहे का, इथपासून तपास करावा लागतो. परवानगी नसलेल्या जागेत यंत्रे बसवून, वीजजोडणी वाढवून घेतल्यानंतर नोटीस आली, तर गेलेले पैसे गाळेमालकाकडून वसूल करण्याचा हक्क कागदावर राहतो आणि धंदा मात्र रस्त्यावर येतो.

जागा बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने, म्हणजे जागेत कोणताही हक्क निर्माण न करता ठरावीक काळ वापरण्याच्या अनुमतीने, दिली जाते. अशा लेखी कराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीची असून ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्कही, एकूण भाडे आणि अनामतीवरचे गृहीत व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या पाव टक्का, इतके माफक आहे. तेव्हा केवळ नोंदणीसाठी वकील लागत नाही, ते काम एजंटही करतो. वकील लागतो तो मसुद्यातील त्या दोनतीन वाक्यांसाठी, ज्यांत ठरावीक महिने जागा सोडता न येण्याची अट घातलेली असते, अनामत केव्हा आणि कशातून कापली जाईल ते लिहिलेले असते, आणि महामंडळाची परवानगी नाकारली गेल्यास नुकसान कोणी सोसायचे याबद्दल बहुधा काहीच लिहिलेले नसते.

याहूनही अधिक जपण्याची गोष्ट भागीदारीची. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत असली, तरी कागद केला नाही म्हणून नियमांशिवाय राहता येत नाही. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा आपले नियम आपोआप लागू करतो, आणि ते दोघींपैकी कोणीही मुद्दाम निवडले नसते असे आहेत. वेगळे ठरलेले नसेल तर नफा-तोटा समसमान वाटला जातो, मग भांडवल कोणाचे कितीही असो; रोज गाळ्यात उभे राहून काम करणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा मोबदला मिळत नाही; आणि मुदत न ठरवलेली भागीदारी कोणीही एक भागीदार लेखी सूचना देऊन संपवू शकतो. पेढीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो, म्हणजे धनकोला पूर्ण रक्कम एकीच्याच घरादारातून वसूल करता येते. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, परंतु कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला आपल्या कराराची रक्कम मिळवण्यासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने तर १९८४ च्या दुरुस्तीने अशा पेढीच्या भागीदारांना पेढी विसर्जित करून हिशेब मागण्याचा मार्गही बंद केला होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली, म्हणजे मधले सुमारे पाव शतक या राज्यातील नोंदणी नसलेले भागीदार एकमेकांकडे आपलाच पैसा मागण्यासाठी न्यायालयात जाऊ शकत नव्हते.

भागीदारीपत्र सीएच करून देतात, जुन्या मसुद्यातील नावे बदलून, आणि कराच्या दृष्टीने ते निर्दोष असते. एक भागीदार आजारी पडली, परगावी गेली किंवा तिच्या घरच्यांना धंद्यात वाटा हवासा वाटला, तर मसाल्याचे नाव आणि पाककृती कोणाकडे राहील, हे त्यात सहसा नसते. दुसराही भेद लक्षात ठेवावा: अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने वकिलावर घातले आहे, तसे पुराव्याच्या कायद्याचे संरक्षण सीएशी झालेल्या बोलण्याला नाही. दोघींनी मिळून एकच वकील केला तर तो नेमका कोणाचा, हे त्याला पहिल्याच भेटीत विचारावे, कारण वाद झाल्यावर त्याला दोघींचे काम पाहता येणार नाही.

उसन्या मसुद्यांविषयी सांगायचे, तर कारागिराने नोकरी सोडल्यावर दोन वर्षे हाच धंदा करू नये, अशी अट परदेशी नमुन्यांवरून सर्रास उतरवली जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ ने व्यवसायास अटकाव करणारे करार रद्दबातल ठरवले आहेत. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कर्मचाऱ्यावरील बंधन मान्य केले ते केवळ त्याने कबूल केलेल्या पाच वर्षांच्या नोकरीच्या मुदतीपुरते. नोकरी संपल्यानंतरची बंदी टिकत नाही. अशी अट लिहून देण्यासाठी कोणी फी मागितल्यास ती देऊ नये. तसेच मसाल्याच्या नावासाठी व्यापारचिन्हाचा अर्ज करण्यापूर्वी तसे नाव आधीच कोणी नोंदवले आहे का, याचा शोध स्वतःच घ्यावा, तो विनामूल्य आहे, आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये पडते. परीक्षकाची हरकत आली तरच वकील पाहावा.

सहीप्रमाणेच मुदतही परत मिळत नाही. हॉटेलचा धनादेश न वटता परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते, नंतर समोरच्याला १५ दिवस द्यावे लागतात, आणि तेही गेले की एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करावी लागते. उशिराचे सबळ कारण पटवता आले तरच न्यायालय ही शेवटची मुदत शिथिल करते; पहिल्या ३० दिवसांची नोटीस चुकली तर तो धनादेश पुन्हा, त्याच्या वैधतेच्या काळात, बँकेत भरण्यावाचून गत्यंतर नसते. साध्या उधारीचा दावाही तीन वर्षांत लावावा लागतो, आणि तीन लाख व त्यावरील व्यापारी वादात, तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर, आधी मध्यस्थीचा प्रयत्न बंधनकारक आहे. म्हणून परत आलेला धनादेश किंवा कोणतीही सरकारी नोटीस हातात पडली, की भिडेखातर फोन करत राहण्यात आठवडे न घालवता त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. पुरवठ्याच्या छापील करारात वाद दिल्लीच्या न्यायालयात चालेल असे वाक्य असेल, तर तेही सहीआधीच खोडून घ्यावे.

फीचा प्रश्न उरतो. वकिलाला जाहिरात करण्यास आणि निकालावर अवलंबून टक्केवारीने फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निर्णयानंतर वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. तेव्हा कोणत्या कागदासाठी, किती आणि केव्हा, हे आधीच लेखी ठरवावे, दरमहा ठरावीक रकमेवर वकील बांधू नये. फार थोड्यांना माहीत असते की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेस पात्र आहे, आणि या सेवेत न्यायालयातील कामाखेरीज कायदेविषयक सल्लाही येतो. तुर्भे ठाणे जिल्ह्यात असल्याने ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येईल; गाळा खारघर-कामोठ्याकडे घेतल्यास मात्र जिल्हा रायगड लागेल.

मालकाकडून मसुदा आला, की बयाणा देण्यापूर्वी एमआयडीसीच्या परवानगीची प्रत मागून घ्यावी, भागीदारीचे मुद्दे दोघींनी समोरासमोर बसून मराठीत लिहून काढावेत, आणि हे सगळे कागद घेऊन वकिलाकडे जावे. मालक परवानगीची प्रत दाखवण्यास टाळाटाळ करू लागला, तर तो गाळा सोडून द्यावा. पट्ट्यात दुसरे गाळे आहेत.

 

आपला धाकटा दीर