गडी वाटून घेणें

यंदाच्या दिवाळींत आम्हांस 'कच्चा लिंबू' ठरविण्यांत आलें. ठरविणारी व्यक्ति दहा वर्षांची असून नात्यानें आमची पुतणी लागते, आणि तिच्या निकालावर अपील चालत नाहीं. महाविद्यालयांत कित्येक वर्षें दुसऱ्यांना उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्याचा अधिकार गाजविल्यावर स्वतःविषयींचा असा निकाल ऐकण्याची पाळी आली, तेव्हां प्रथम थोडा राग आला, मग हंसूं आलें, आणि रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र त्या दोन शब्दांनीं बराच वेळ झोंप येऊं दिली नाहीं.

ज्या वाचकांचें बालपण अंगणांत गेलें त्यांस कच्चा लिंबू म्हणजे काय हें सांगावयास नको. ज्यांचें गच्चीवर किंवा जिन्यांत गेलें त्यांच्यासाठीं सांगतों. मोठ्या मुलांच्या खेळांत एखादें फार लहान मूल हट्टानें शिरलें म्हणजे त्याला हांकलून देत नाहींत. तें सर्वांबरोबर धांवतें, सर्वांहून मोठ्यानें ओरडतें, पण त्याला कोणी बाद करीत नाहीं आणि त्याच्यावर राज्य येत नाहीं. कोठें त्याला लिंबूटिंबू म्हणतात. आमचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें असून उजवा गुडघा आमचें ऐकत नाहीं, तेव्हां निकाल न्यायाचाच होता, हें कबूल केलें पाहिजे.

आमचें मूळ घर परभणी जिल्ह्यांतील पाथरीस. चरितार्थासाठीं आम्ही दूर गेलों, धाकटे बंधु घरीं राहिले. तथापि दिवाळींत सारीं भावंडें तेथें जमावयाचीं, हा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ. वाडा जुन्या पद्धतीचा आहे. पुढें ढाळज, वर माळवद आणि मधोमध अंगण. लगोरीचा चेंडू नेम चुकून गेला तर समोरच्या भिंतीपर्यंत पोंचावयास दोन टप्पे घेतो, एवढें तें अंगण मोठें आहे. लांबीरुंदीचें दुसरें माप आम्हांस लहानपणीं ठाऊक नव्हतें.

कोणता खेळ केव्हां खेळावा हें आमच्याकडे जमीन ठरवीत असे. वाड्याबाहेर पाऊल टाकलें कीं काळी माती. पावसाळ्यांत ती तळपायाला अशी चिकटते कीं चार पावलांत पाय दुप्पट जड व्हावे. तेव्हां धांवण्याचे खेळ बंद पडत आणि ओल्या भुईंत लोखंडी सळई रुतवीत पुढें जाण्याचा खेळ सुरू होई. नागपंचमीला झोके बांधले जात, आणि माहेरवाशिणींच्या झिम्मा-फुगड्यांनीं अंगण आमच्या ताब्यांतून जाई. आश्विनांत जमीन सुकली म्हणजे कोजागिरीच्या चांदण्यांत आट्यापाट्या. पाट्या राखेनें किंवा पाण्याच्या धारेनें आंखावयाच्या, आणि त्या सकाळपर्यंत पुसून जावयाच्या. दिवाळींत आते-मामे-चुलत भावंडांची भरती झाली कीं लगोरी, थंडीभर विटीदांडू. वैशाखांत त्याच काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा पडत. त्यांत एकदां गोटी गेली कीं ती धरणीमातेला पोंचली असें समजून पुढें जावयाचें.

विटीदांडूच्या मोजणीचे 'वकट, लेंड, मूंड, नाल' हे शब्द आम्ही मंत्राप्रमाणें घोकीत असूं. ज्या आंकड्यावर मोजणी संपेल त्याप्रमाणें विटी कधीं पायावर, कधीं मुठीवर, कधीं डोळ्यावर ठेवून टोला मारावयाचा. त्या शब्दांचा अर्थ कोणीं विचारला नाहीं, आणि विचारता तर कोणाला सांगतांही आला नसता. पुढें एक तेलुगु सहकारी आपल्या मुलास अंक शिकवीत असतां आम्हीं ऐकलें: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आम्ही थक्क झालों. बाळपणीं आम्ही तेलुगूंत मोजीत होतों तर! पाथरी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होती, म्हणून ही त्या शेजाराची देणगी असावी असें प्रथम वाटलें. परंतु हीच मोजणी पुण्याकडील मुलेंही करीत आलीं आहेत, हें कळल्यावर तो तर्क सोडून द्यावा लागला. राज्यांच्या सीमा नकाशावर बदलत राहिल्या, विटी त्यांच्यावरून उडत राहिली, एवढेंच खरें.

या खेळांना पुढें मोठे दिवस आले, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास बांधून दिले. हुतुतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ मध्यें प्रसिद्ध केले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळ परदेशी प्रेक्षकांस करून दाखविले. १९९० सालीं कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत शिरली. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत तो भारतानें जिंकला. सारा प्रतिपक्ष बाद झाला म्हणजे आमच्या मुलांनीं आरोळी मारावयाचा 'लोण' हा शब्द आज देशोदेशींचे पंच उच्चारतात.

हें सर्व नियमांमुळें झालें. नियम नसते तर प्रत्येक गांवाचा हुतुतू त्या गांवाच्या वेशींतच राहिला असता. परंतु नियमांचीं तीं पुस्तकें चाळतांना एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांत कच्चा लिंबू नाहीं, आणि असूंही शकत नाहीं. मैदानावर जिंकण्यासाठीं उतरावयाचें असतें. तेथें दुबळ्या गड्याला जागा ठेवणें हा संघावर अन्याय होईल. अंगणाचा हेतु निराळा. घरीं जमलेल्यांपैकीं कोणी एकटें ओसरीवर बसूं नये, यासाठीं तेथला खेळ. म्हणून तेथें माणसें पाहून नियम वांकत.

अंगणांतील दुसरा एक विधि आम्हांस याहून महत्त्वाचा वाटूं लागला आहे. तो म्हणजे गडी वाटून घेणें. दोघे दोघे गळ्यांत हात घालून दूर जात, आपसांत गुप्त नांवें ठरवीत आणि परत येऊन म्होरक्यांना विचारीत, "आंबा कीं चिंच?" जो आंबा मागे त्याला आंबा मिळे, चिंच दुसऱ्या बाजूला जाई. जोड्या बरोबरीच्या असाव्या लागत, म्हणून सख्खे भाऊ बहुधा विरुद्ध बाजूंस पडत. मग दिवेलागणीपर्यंत भांडण, आरोळ्या, चेंडू लागल्या-न लागल्याच्या शपथा. कंदील लागला कीं वाटणी मोडली, आणि सर्वजण एका पंगतीस. दुसऱ्या दिवशीं पुन्हां नवी वाटणी. असल्या शेंकडों वाटण्या आम्ही आणि आमचे बंधु यांनीं त्या अंगणांत केल्या आणि मोडल्या.

एक मात्र मोडतां आली नाहीं. चार वर्षांपूर्वीं वडिलांच्या पश्चात् वाड्याची वाटणी करण्याचा विषय निघाला. खोल्या सहज वांटल्या गेल्या. अंगणाशीं येऊन सारें थांबलें. मधून भिंत घालावी असें बंधूंचें म्हणणें, आणि भिंत कोठून जावी यावर आमची हरकत. मोजणीची टेप पसरली असतां बोलण्याला बोलणें लागलें, आणि आम्हीं एक वाक्य उच्चारलें कीं, तूं इतकीं वर्षें भाड्यावांचून या घराचा उपभोग घेतलास. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यांत त्यांना कुशीवर वळविण्यासाठीं रात्रींतून तीन-तीन वेळां उठणारा कोण होता, हें आम्हांस त्या वेळीं आठवलें नाहीं. टेप गुंडाळली गेली. त्यानंतरच्या तीन दिवाळ्या आम्ही एका ताटाच्या अंतरावर बसून एकमेकांशीं न बोलतां साजऱ्या केल्या. भिंत झाली नाहीं, तिचें कारण समंजसपणा नव्हे. विटांचा खर्च कोणीं द्यावा हें ठरलें नाहीं.

पाथरीच्या मातीला असल्या हट्टाची संवय जुनी आहे. अहमदनगरच्या निजामशाहांचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुळकर्णी, असें फिरिश्ता सांगतो. वाडवडिलांचें हें ठिकाण आपणांस मिळावें म्हणून बुऱ्हाण निजामशाहानें वऱ्हाडच्या इमादशाहाला त्याच्या मोबदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला. तो नाकारला गेला, तेव्हां १५१८ सालीं त्यानें पाथरी लढून घेतली, आणि पुढें तिच्यासाठीं पुन्हां लढाया झाल्या. मुलांच्या भाषेंत 'राज्य येणें' ही शिक्षा आहे. ज्याच्यावर राज्य येतें तो तें दुसऱ्याच्या गळ्यांत घालण्यासाठीं धांवत सुटतो. एवढें शहाणपण पांच वर्षांच्या पोराला असतें. निजामशाहाला तें नव्हतें, आणि तीस वर्षें पुस्तकांत घालविलेल्या आम्हांसही नव्हतें.

यंदा पाडव्याच्या दुपारीं मुलांनीं लगोरी मांडली. गडी वांटतांना एक कमी पडला, म्हणून पुतणीनें आपल्या वडिलांना हाताला धरून ओढून आणलें. एक बाजू भारी झाली, म्हणून दुसऱ्या बाजूला आम्ही, कच्चा लिंबू या नात्यानें. आमच्या पक्षाच्या एका पोरानें लगोरी फोडली. सात चकत्या चहूंकडे उडाल्या. चेंडू चुकवीत चुकवीत मुलांनीं सहा रचल्या आणि सातवी आमच्या पायाशीं येऊन पडली. ती उचलून आम्ही वांकलों, तोंच पाठीवर फाडकन् चेंडू बसला.

"अण्णा, बाद!"

चार वर्षांत बंधूंनीं आम्हांस उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. अंगण क्षणभर शांत झालें. मग पुतणी कडाडली, "बाबा! कच्च्या लिंबाला बाद करायचं नसतं!"

"तुझा मोठा काका कसला कच्चा लिंबू?" बंधु म्हणाले. "लहानपणीं ह्यानं माझी पाठ किती शेकली आहे, विचार त्याला."

आम्हीं निकाल मान्य केला आणि ओसरीवर जाऊन बसलों. डाव संपल्यावर ते येऊन शेजारीं बसले. "फार लागलं का, अण्णा?" एवढेंच त्यांनीं विचारलें. लागलें होतें, आणि तें आम्हीं सांगितलें. मग टेपेच्या दिवशींचें आमचें तें वाक्य खोटें होतें आणि तें आम्हांस ठाऊक होतें, असेंही सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. बराच वेळ चकत्या रचणाऱ्या पोरांकडे पाहत राहिले, आणि उठतांना म्हणाले, "चहा आंत घेणार कीं इथंच?"

एका चेंडूनें चार वर्षें पुसलीं जात नाहींत. अजून आमच्या बोलण्यांत पूर्वींचा मोकळेपणा नाहीं, आणि तो कितपत परत येईल हें सांगतां येत नाहीं. परंतु भाऊबीजेच्या सकाळीं वाटणीचा कागद पुन्हां बाहेर निघाला, आणि खोल्यांच्या यादीखालीं बंधूंनीं स्वतःच्या हातानें एक ओळ लिहिली: अंगण सामाईक राहील. आम्हीं त्याखालीं सही केली. तेथें यापुढें रेघा पडतील त्या राखेच्या आणि पाण्याच्या.

निघतांना पुतणी नमस्काराला आली. तिनें बजावून सांगितलें, "मोठे काका, पुढच्या दिवाळीला कच्चा लिंबू नाही हं. राज्य आलं तर घ्यावं लागेल." गुडघ्याचें काय व्हावयाचें तें होवो, आम्हीं होकार दिला आहे.