रुपयात बारा आणे

"आजी, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचा गुडघा किती दुखतो?" घाटी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि ठामपणे सांगितलं, "मागल्या बारीला गोळ्या दिल्या, त्यानं रुपयात चार आणे फरक हाये. बारा आणे दुखायलंयच." डॉक्टरबाई आपल्याच भागातल्या असाव्यात, त्यांना अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी कागदावर आकडा टाकला. हिशेबानं तो साडेसात यायला हवा.

घाटीत म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा वार्धक्यशास्त्र विभाग आहे. पानचक्कीच्या अंगाला पहाटेपासून माणसं उतरत राहतात. जालन्याची, बीडची, पार हिंगोलीचीही. हातात एक्स-रेचं भलंमोठं पाकीट, पिशवीत भाकरीचं फडकं. बाकावर शेजारी बसलं की दुखण्याची सगळी बखर ऐकायला मिळते. रात्रभर ठणका, पोटऱ्यांत गोळे, कूस बदलायची तर खाटेचा कठडा धरावा लागतो. आणि नंबर लागून तीच बाई आत गेली की पदर सावरून म्हणते, "बरं हाये, जरासे पाय दुखतेत." म्हणून गेल्या साठेक वर्षांत वेदनेवर जे संशोधन झालं, त्यातला विचारण्याचा भाग मला औषधांच्या भागाहून जवळचा वाटतो. म्हाताऱ्या माणसाला दुखतं का, हे कसं विचारावं, ते शिकायला शास्त्राला बराच वेळ लागला.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक तरुणपणी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये काम करत होते. तिथे त्यांना सत्तरीतली एक बाई भेटली. मधुमेहानं पाय कापावे लागलेले, तरी नसलेल्या पायांत असह्य दुखायचं. ती ते दुखणं तऱ्हेतऱ्हेच्या शब्दांत सांगायची आणि मेलझॅक ते शब्द टिपून घ्यायचे. पुढे इतर रुग्णांचे शब्द त्यात भरत गेले आणि १९७५ साली मॅकगिल प्रश्नावली आली. ७८ शब्द, २० गटांत. त्याआधी दहा वर्षं, १९६५ मध्ये, याच मेलझॅकनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर पाठीच्या कण्यातल्या 'दरवाजा'ची कल्पना मांडली होती: दुखण्याची वर्दी मेंदूकडे सरळसोट जात नाही, वाटेत ती अडवता येते, आणि स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की दरवाजा थोडा लोटला जातो. आत्या तिन्हीसांजेला ओट्यावर बसून तिळाचं तेल गुडघ्यावर जिरवते, त्याला एवढा शास्त्राधार पुरेसा आहे. तेलाचं श्रेय किती आणि चोळण्याचं किती, हा वाद मी घरात काढत नाही.

दुखणं मोजायच्या साऱ्याच पट्ट्या म्हाताऱ्यांना सारख्या सोप्या नसतात, हेही अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. दहा सेंटिमीटरची रेघ काढून "यावर खूण करा" म्हटलं की वयस्क मंडळी सगळ्यात जास्त अडखळतात. त्यापेक्षा थोडं, बरंच, फार, असह्य अशी पायरीपायरीनं उत्तरं पुढे ठेवली तर त्यांना सोपं जातं. आत्याचे आणे म्हणजे तरी काय, तिच्या हाताला सवयीची पट्टी.

विचारणंच खुंटवणारं एक उत्तर मात्र आपल्या घराघरांत तयार असतं: वय झालं, आता दुखायचंच. या उत्तराला संशोधनानं चांगलाच धक्का दिला आहे. वयाबरोबर दुखणं जाणवायला लागण्याची पातळी थोडी वर सरकते, म्हणजे बारीकसारीक टोचणी उशिरा कळते. पण किती सोसवेल, ती हद्द काही फारशी वाढत नाही. 'म्हातारी माणसं काटक' या आपल्या लाडक्या समजुतीतला अर्धा भाग इथेच गळून पडतो. उशिरा कळण्याचा धोकाही आहेच. उतारवयात हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊन जातो. आणि एक्स-रे? गुडघ्याची झीज भरपूर दिसते आणि माणूस हर्सूलच्या देवीला पायी जाऊन येतो, तर फोटो बरा असलेल्या बाईला उंबरा ओलांडवत नाही. फोटो आणि दुखणं यांचं जुळेलच असं नाही, हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. तरी रांगेतलं प्रत्येक पाकीट देवाच्या तसबिरीसारखं जपलेलं असतं.

आपल्याकडे या विचारण्याचं मोठं काम झालं ते भिगवणला. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला लोक जातात, तेच भिगवण. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसिजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी सुरू केली. गावातलेच स्वयंसेवक दारात जायचे. कागदावर माणसाच्या शरीराचं चित्र असायचं, कुठं दुखतं ते त्यावर दाखवायचं. मला हे चित्र फार आवडतं. ज्या बाईनं दवाखान्यात कधी तोंड उघडलं नसेल, तिला आपल्याच ओसरीवर, गावच्याच माणसापुढे, कागदावरच्या कमरेवर बोट ठेवायला काय लागतं? प्रौढांत शंभरामागे साधारण अठरा जणांना हाडं, सांधे, स्नायू यांचं दुखणं निघालं, आणि बायकांत ते जास्त होतं. कोणी दवाखान्याची पायरी चढेल याची वाट पाहत बसलो असतो, तर यातलं कितीसं दिसलं असतं?

याच केंद्रानं आणखी एक शहाणपणाचं काम केलं. गुडघेदुखीसाठी जगभर वापरली जाणारी 'वोमॅक' नावाची २४ प्रश्नांची प्रश्नावली कॅनडात तयार झाली. टबात उतरताना त्रास होतो का, मोजे घालताना होतो का, असं ती विचारते. आत्याच्या न्हाणीत टब नाही आणि तिनं आयुष्यात मोजे घातलेले नाहीत. तिला हे विचारलं तर "नाही" म्हणेल आणि कागदावर ती ठणठणीत ठरेल. तिचा गुडघा अडतो तो उकिडवं बसताना, मांडी घालताना, भाजी निवडून उठताना. पुण्याच्या केंद्रानं ही प्रश्नावली इथल्या बसण्या-उठण्याला जुळेल अशी बदलून घेतली.

मग आली मोठी गणती. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं परदेशी विद्यापीठांच्या साथीनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांना गाठलं, बहुतेक सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. दुखण्याचा त्रास वारंवार होतो का, हा त्यातला एक प्रश्न होता. तिघांतल्या एकाहून जास्त जणांनी हो म्हटलं. बायका पुढे, खेडी पुढे. कापसाच्या ओळीत दिवसभर वाकलेली किंवा कोयता घेऊन कारखान्यामागे फिरलेली पाठ ज्यानं पाहिली आहे, त्याला याचं नवल वाटणार नाही.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण त्यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांची झुंबड असायची. ती बघताबघता दिसेनाशी झाली. कारण सापडलं ते गुराढोरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक. दुखऱ्या, थकल्या जनावराला सुई दिली जायची, ते मेलं की गिधाडं त्यावर उतरायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हा शोध २००४ साली जाहीर झाला आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. माणसांचं शरीर गिधाडाचं नाही हे खरं, पण याच जातीच्या गोळ्या उतारवयात रोज घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर यांना त्या महागात पडू शकतात. म्हाताऱ्यांना जपून द्यायच्या औषधांची मार्क बीअर्स यांची यादी १९९१ पासून आहे, आणि आजच्या सुधारित यादीत या गोळ्या आहेत. तरी "दोन गुडघ्याच्या द्या" एवढं म्हटलं की चिठ्ठीशिवाय पट्टी हातात पडते.

आणि ज्याला सांगताच येत नाही त्याचं काय? सिडकोत आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, निवृत्त शिक्षक. स्मृतिभ्रंशानं बोलणं तुटत गेलेलं. अंघोळीच्या वेळी ओरडतात, हात झटकतात, सुनेला ढकलतात. घरचे म्हणायचे, स्वभाव बिघडला. नॉर्वेतला अशाच माणसांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. १८ शुश्रूषागृहांतले ३५२ वृद्ध, सगळे स्मृतिभ्रंशाचे, अस्वस्थ, आदळआपट करणारे. काहींना ठरावीक पद्धतीनं वेदनाशामक देऊन पाहिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांची आदळआपट लक्षणीय कमी झाली. २०२० मध्ये वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या नव्यानं लिहिली गेली, तेव्हा त्याखालच्या टिपांत नोंदलं गेलं की बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. आता कपाळाच्या आठ्या, श्वासाची लय, कण्हणं यांवरून गुण देणाऱ्या तपासण्या आहेत, ऑस्ट्रेलियात तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चेहरा वाचणारं ॲपही आहे. काकांच्या सुनेनं असलं काही वाचलेलं नव्हतं. अंघोळीच्या वेळी उजवा खांदा वर केला की तेव्हाच ते ओरडतात, हे तिनंच टिपलं आणि डॉक्टरांना सांगितलं. आता त्यांचा सदरा पुढून बटणांचा असतो, आणि तो आधी उजव्या हातात चढतो.

एखादी प्रश्नावली मला करायला दिली तर मी विचारीन: भाकरी थापताना चुलीपुढे किती वेळ बसवतं? रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलंय का? एसटीची पहिली पायरी कशी चढता? पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, त्यामुळे आत्या महिन्यातून एकदा लेकीकडे पैठणला जातेच. पायरी होती तेवढीच उंच.

शेवटचा प्रश्न मी तिला खरंच विचारून पाहिला.

"चढताना कंडक्टर हात देतो की," ती म्हणाली. "उतरताना मी उलटी उतरते, दांड्याला धरून. अन् पोरगी ष्टँडात यायच्या आत उतरून घेते. तिनं बघितलं तर यायचं बंद करील."