तकाकीचा इलाखा

गाडीच्या काळ्या भागांसाठी पॉलिश निवडण्याची वेळ आली म्हणजे गिऱ्हाईक बाटलीकडे पाहते आणि मी त्या भागाकडे पाहतो. आमच्या धंद्यातील बहुतेक वादांचा उगम एवढ्या एका भेदात आहे. बाटलीवर झळाळी आणि संरक्षण ही दोन वचने इतक्या सलगीने शेजारी बसविलेली असतात की, एक मिळाले म्हणजे दुसरे आपोआप पदरात पडले, अशी वाचणाऱ्याची समजूत व्हावी. वस्तुतः या दोहोंचे कारभार स्वतंत्र आहेत, आणि पुष्कळदा त्यांचे परस्परांशी पटतही नाही.

ज्याला आपण सरसकट काळे प्लॅस्टिक म्हणून मोकळे होतो, त्या जिनसांचा तपशील पाहू गेल्यास निरनिराळ्या जाती हाती लागतात. रंग न दिलेला बंपर आणि दारांवरच्या पट्ट्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या. दारांच्या चौकटीतली रबरे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची. पुष्कळशा डॅशबोर्डांची कातडी व स्वस्त सीटकव्हरे पीव्हीसीची, म्हणजे बाजारात ज्याला रेक्झिन म्हणतात त्या कुळातली. आणि टायरमध्ये तर नैसर्गिक व कृत्रिम रबर, काजळी, तेले, मेणे अशा कित्येक द्रव्यांचे मिश्रण. यांचे वार्धक्यही एकसारखे नाही. पॉलिप्रॉपिलीनचा वरचा थर सूर्याच्या अतिनील किरणांनी झिजून राखाडी, भुकटीसारखा होतो. पीव्हीसीला मऊपणा आणणारे द्रव्य उन्हात हळूहळू उडून जाते, त्यातले काही समोरच्या काचेवर आतून धुरकट होऊन बसते, आणि मागे राहिलेली कातडी कडक होऊन अखेर तडकते. हे उडालेले द्रव्य कोणतेही पॉलिश परत आत भरू शकत नाही, बाटली काहीही म्हणो. टायरचा वैरी हवेतला ओझोन. त्याला तोंड देण्यासाठी कारखानदार रबरातच मेणे व ओझोनरोधक रसायने घालतात, ती कालांतराने पृष्ठभागावर येतात, आणि टायर तपकिरी पडला अशी जी तक्रार माझ्यापुढे वारंवार दाखल होते, ती पुष्कळदा या पहारेकऱ्यांविरुद्धच असते.

तकाकी ही मात्र अगदी बाह्य गोष्ट आहे. झिजलेल्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे असतात, त्यांवर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो आणि काळा रंग करडा दिसू लागतो. त्या खळग्यांत एखादे पारदर्शक द्रव्य भरून वरती सपाट थर बसला, म्हणजे प्रकाश एका दिशेने परततो व काळ्याला पुन्हा खोली येते. या कामी सिलिकोन तेलाची जी मक्तेदारी झाली आहे ती अकारण नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग याने या कुळातील पदार्थांवर आयुष्य वेचले, आणि 1940 मध्ये अमेरिकेत युजीन रोचोने ते मोठ्या प्रमाणावर बनविण्याचा मार्ग दाखविला. या तेलाचा पृष्ठताण अत्यल्प असल्यामुळे, ज्या पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंगदेखील धड चिकटत नाही, त्यावरही ते सहज पसरते. सिलिकोनने टायर फुटतात, ही आमच्याकडे ऐकू येणारी कैफियत मला पटत नाही. संशय घ्यायचाच तर तो त्याच्या सोबत येणाऱ्या पेट्रोलियमजन्य द्रावकावर घ्यावा. जुन्या गॅरेजांत डिझेलचा बोळा रबरावरून फिरविण्याचा जो शिरस्ता होता, त्याने क्षणभर काळेभोर दिसणारे ईपीडीएम अशा तेलात फुगते आणि ढिले पडते. सिलिकोनशी खरे वैर आहे ते रंगाऱ्याचे, कारण त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तेवढ्या जागेपुरता मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. म्हणून रंगकामाच्या शेडमध्ये या बाटल्यांना मी प्रवेश देत नाही.

बाजारातल्या मालाचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पाण्यात फेटलेला माल दुधासारखा पांढरा असतो, त्याला वास बेताचा, तकाकी संयत, आणि पावसाच्या एकदोन सरींनंतर त्याचा अंमल संपू लागतो. द्रावकातला माल पारदर्शक, रॉकेलच्या जवळपासच्या वासाचा, आणि दाट सिलिकोनचा असेल तर ओल्या शाईसारखा चमकणारा. तो पाण्याला दाद देत नाही, परंतु पुष्कळ वेळ चिकट राहतो. आता हा चिकटपणा सोलापुरात काय करतो हे इथल्या रहिवाशाला सांगावयास नको. सकाळी आरशासारखा झालेला बंपर अक्कलकोट रस्त्यावरून संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यावर धुळीचा असा थर बसलेला असतो की, न लावता पाठविला असता तर बरा दिसला असता. तेव्हा बंपरला मी दुधी मालच देतो. कोकणात उतरणाऱ्या गाडीच्या टायरला व चाकावरच्या कमानीला आषाढात तोच चिकट माल लावताना मात्र माझा हात आखडत नाही. फक्त तो पातळ लावावा, मुरू द्यावा आणि उरलेला पुसून घ्यावा, नाहीतर चाक फिरू लागताच त्याचे काळे शिंतोडे मागच्या दारावर उमटतात आणि फिर्याद माझ्याकडे येते.

स्नानावाचून गंध लावू नये, हा नियम इथेही आहे. क्षारयुक्त साबणाने व ब्रशने टायर घासताना फेस तपकिरीचा पांढरा होण्याआधीच जो थांबतो, त्याच्या पॉलिशची मुदत मी धरीतच नाही.

डॅशबोर्डाच्या बाबतीत मात्र मी कोणाचीही शिफारस ऐकत नाही. तिथली तकाकी समोरच्या काचेत उलटून दिसते, आणि दुपारच्या उन्हात तेच प्रतिबिंब रस्त्यावर पडद्यासारखे पसरते. शिवाय वैशाखात बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांपलीकडे तापतो, तेव्हा तिथे तेलकट थर ठेवण्यात शहाणपण नाही. तिथे अतिनील किरणांना अडविणारे, चमक न देणारे द्रव्यच योग्य. स्टिअरिंग, पेडल, दुचाकीचे टायर आणि तिची सीट यांना सक्त मनाई आहे, कारण तिथे घसरणे म्हणजे पडणे.

नवीन माल आला की त्याची खातरजमा जाहिरातीवरून होत नाही. माझ्या शेडच्या दक्षिणेकडील भिंतीला एक टाकाऊ बंपर टांगलेला आहे. त्याचा अर्धा भाग चिकटपट्टीने झाकून उरलेल्यावर माल लावतो, ऊन खाऊ देतो, पाणी मारतो, आणि मग पट्टी काढून दोन्ही बाजूंमधली सीमारेषा पाहतो. सीमा पुसट झाली असेल तर माल टिकला नाही. पांढरे फडके फिरविल्यावर काळे निघाले, तर थर सुकलेला नाही किंवा खालची भुकटी निघालेली नाही.

लग्नाच्या वरातीची गाडी आली म्हणजे हा सगळा कायदा एका संध्याकाळपुरता शिथिल होतो. तिथे तकाकी हेच प्रयोजन असते आणि मुदतीचा प्रश्नच उद्भवत नाही. टायर दिव्यांच्या उजेडात लखलखावेत, बंपरने फुलांच्या माळा उलट्या दाखवाव्यात, एवढे मी आनंदाने करतो, आणि दुसऱ्या दिवशी धुळीसकट धुवायला परत आणण्याची तजवीज आधीच ठरवून घेतो. स्टिअरिंगवर मात्र थेंबही पडू देत नाही, नवरदेवाच्या मामांनी उभे राहून कितीही आग्रह केला तरी.