वीसच्या आतली शाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, पण तिचे भवितव्य ठरते ३० सप्टेंबरला. त्या दिवशी पटावर जेवढी मुले, तेवढ्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते ठरते. मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका वाडीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर काम करू लागलो, तेव्हापासून या तारखेचा धाक मीही अनुभवतो आहे.

इथल्या शाळांना असा धाक असेल, हे बाहेरून पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही. कारण सिंधुदुर्गाचे नाव दरवर्षी निकालाच्या बातमीत झळकते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग दहावीत राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता, कोकणचा ९९.०१. २०२५ मध्ये राज्य ९४.१० वर घसरले, कोकण ९८.८२ वर टिकून राहिले. पेपरात फोटो येतात ते हायस्कुलांचे. त्या मुलांना पहिल्यांदा ‘अ’ गिरवायला शिकवणारी वाडीवरची शाळा मात्र त्या फोटोत नसते.

आमची शाळा पहिली ते चौथीची. चिऱ्याच्या भिंतींच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मागे माड. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची छपरे उडवली, त्यात हिचीही कौले गेली. पावसाच्या आत वाडीतल्या माणसांनी उभे राहून पत्रे चढवले. पट वीसच्या आत. पदे दोन मंजूर, पण बाई एकट्याच. दुसरे गुरुजी घाटावरचे, आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात गेले. म्हाताऱ्या आईवडिलांजवळ जाणाऱ्या माणसाला दोष कोण देईल? पण त्यांच्या जागी कोणी आले नाही. अधूनमधून शेजारच्या शाळेतले एक शिक्षक कामगिरीवर येतात. ते इकडे आले की तिकडची शाळा अडचणीत.

एकटी शिक्षिका चार इयत्ता कशा सांभाळते, ते एकदा बसून पाहावे. पहिलीच्या मुलांपुढे माडाच्या हिरांच्या काड्या असतात. दहा काड्यांची एक जुडी, जुडी म्हणजे दशक. दुसरीची मुले फळ्यावरचे शब्द उतरवतात. तिसरीतली एखादी मुलगी पडवीत बसून मोठ्याने धडा वाचते आणि बाई चौथीचा भागाकार तपासता तपासता तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतात. एवढ्यात फोन वाजतो. कुठली तरी माहिती आजच, बाराच्या आत भरायची असते. स्वयंपाकघरातून पोषण आहार शिजवणाऱ्या काकी तांदूळ मोजायला हाक मारतात. कामगिरीवरचे शिक्षक आले नसले की कोणीतरी हमखास विचारते, “बाईनू, सर आज येवचे नाय काय?”

पटावरचे प्रत्येक नाव टिकवणे हाही बाईंच्याच कामाचा भाग. संचमान्यतेत आधार जुळलेलीच मुले धरतात. चिरेखाणीवर काम करणाऱ्या एका कर्नाटकातल्या कुटुंबाचा मुलगा रोज शाळेत येत होता, पण आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव वेगळे. बाई त्याच्या वडिलांना घेऊन मालवणला गेल्या, तेव्हा मुलांजवळ मी बसलो. काय शिकवावे सुचेना, म्हणून गोष्ट सांगू लागलो. ती संपायच्या आत आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याची मुलगी उभी राहिली. “माका पण गोष्ट सांगूची आसा.” आणि तिने वाघाची गोष्ट अस्सल मालवणीत रंगवून सांगितली. पहिलीत आली तेव्हा तिला इथली भाषा कळत नव्हती. तिची प्रगती कोणत्याही रकान्यात मावणारी नव्हती.

पट कमी होण्याचे कारण शाळेत नाही, घराघरांत आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली. तरुण मुंबईला, गोव्याला जातात, घरात एकच मूल असते आणि त्यालाही कित्येकदा इंग्रजी शाळेची गाडी घेऊन जाते. गाडीत मूल बसवणाऱ्या आईशी मी बोललो आहे. ती म्हणते, “बाई चांगली हत, पण एकटीच ना?” तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. तरी १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि छोट्या शाळांवर टांगती तलवार आली. त्या सप्टेंबरच्या २५ तारखेला राज्यभरातल्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले, ते याच रागातून. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये, छोट्या शाळा एकत्र करून उभारायच्या समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुले असल्याचे तेव्हा सांगितले गेले. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणे दिली गेली.

जास्त मुले एकत्र असली की खेळ रंगतात, शिक्षकही पुरेसे मिळतात, हे मला मान्य आहे. पण किनाऱ्यावरची जमीन पाहा. देवबाग समुद्र आणि कर्ली नदीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे, तोंडवळी-तळाशील समुद्र आणि गड नदीच्या मध्ये. नकाशावर शेजारी दिसणारी गावे खाडीला वळसा घालून गाठावी लागतात. आमच्याकडे जुलैत व्हाळ, म्हणजे ओढा, भरला की मोठी माणसेही थांबतात. सहा वर्षांच्या पोराला तिथून रोज गाडीने नेणार कसे, आणि गाडी आली नाही तर? अशी मुले, विशेषतः मजुरांची, शाळाच सोडतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जिथे दुसरी शाळा पावसाळ्यातही पायी गाठता येते, तिथेच विलीनीकरणाचा विचार व्हावा. बाकीच्या ठिकाणी दुसरे पद आधी भरावे. जिल्ह्यात डी.एड. होऊन घरी बसलेले तरुण आहेत. त्यांना मुलांची भाषा येते आणि बदलीने जायचे दुसरे गाव त्यांना नाही.

एक विनंती चाकरमान्यांना. गणपतीला गावी याल तेव्हा देवळाच्या वर्गणीबरोबर शाळेचीही चौकशी करा. सुट्टी असली तरी चावी वाडीतच असते. समितीची बैठक त्याच दिवसांत ठेवतो, तुम्ही या, आणि दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीच्या अर्जावर तुमचीही सही करा. अर्ज ३० सप्टेंबरच्या आत ओरोसला, जिल्हा परिषदेत पोचवायचा आहे.